वाहिद पेंटरचे तीन रंग

विसरवाडीच्या फाट्यावर ट्रकांच्या फळ्या रंगवणाऱ्या वाहिद पेंटरला अठ्ठावन्न साली लहर आली. उरल्यासुरल्या रंगांतून त्याने ओसरीच्या भिंतीवर आपलाच संसार चितारायला घेतला. त्याच्या आईने, बिबीजानने, मात्र आधीच बजावलं, "घरमा चेहरा काढानं नई. मी आठे नमाज पढस!" मग नाक नाही, डोळे नाहीत, माणसाच्या मनातलं सगळं रंगांवर आलं. राग लाल, भीती पिवळी, खुशी हिरवी.

लग्न चितारून झालं, पहिला ट्रक झाला, शेळीने चावून खाल्लेली शेरवानी झाली. प्रत्येक चित्रात वाहिद हिरवागार आणि बायको अख्तरबानो लालभडक! बसची वाट बघणारे लोक ओसरीशी येऊन फिदीफिदी हसायचे. अख्तरबानो चकार शब्द काढायची नाही, त्यामुळे वाहिदला आणखीच चेव चढायचा.

एकदा तो नवापूरचं काम उरकून संध्याकाळी परतला, तर ओसरीसमोर ही गर्दी! भिंतीवरचा प्रत्येक वाहिद पिवळाजर्द झाला होता. सेहरा बांधलेला नवरदेवसुद्धा!

चवताळून तो ओरडणार, तोच ब्रश घेतलेली अख्तरबानो दारात आली. तो दोन पावलं मागे सरकला. भिंतीकडे पुन्हा बघितलं, तर बायको कुठेच लाल नव्हती, सगळीकडे हिरवीगार.

"मी पिवळा, ते समजनं," तो पुटपुटला, "पन तू हिरवी कशी?"

"तुम्ही घाबरतस," ती म्हणाली, "तव्हयच मी खूस व्हस."