यान काकांचा शेवटचा दगड

नवा दगड आला की यान काका आधी त्याला जीभ लावून बघायचे. "हा कधीकाळी समुद्रात होता," असं मग गंभीरपणे सांगायचे. मूळचे हॉलंडचे हे शिल्पकार. जर्मनीत येना शहरात शिकताना त्यांच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली होती. त्यांच्या पत्नी वसुधाकाकू पुण्याच्या. एवढ्या वर्षांच्या संसारात काका मराठी शिकले होते, पण त्यात 'गेनाऊ' म्हणजे 'अगदी बरोबर' आणि 'आल्झो' म्हणजे 'तर मग', असे जर्मन शब्द कुठेही घुसायचे.

त्यांना काय येत नव्हतं? चर्चसाठी ब्राँझचं दार, बालवाडीसाठी लाकडी घोडे, काकूंसाठी दरवर्षी शाडूचा गणपती. "माती माझं ऐकते," ते म्हणायचे. "दगड भांडतो. भांडणारा बरा."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझे वडील खडी क्रशरवर कामाला होते; दगडाच्या धुळीने तेही असेच खोकायचे. म्हणून काकांचा कोरडा खोकला मला ओळखीचा वाटला. बोलावं की नाही, कळेना. शेवटी काकूंना सांगितलं. डॉक्टरांनी तपासून दगडाचं काम कायमचं बंद केलं. "आणखी धूळ आत गेली तर हिवाळा निघणार नाही," असं ते स्पष्ट म्हणाले.

काका दगडाऐवजी मेण घेऊन मूर्ती करत बसू लागले. निमूट. त्या निमूटपणाचीच मला भीती वाटायची.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी अंगणातल्या वर्कशॉपच्या काचा आतून पांढऱ्या दिसल्या. मी काकूंना हाक मारली. आम्ही दार ढकललं. काका भुवयांपर्यंत पांढरे झालेले, मास्क गळ्यात लोंबतोय. समोर संगमरवरात काकूंचा चेहरा. डोळे झाले होते, ओठ बाकी होते.

"अहो, हे काय चालवलंय? मरायचंय का?"

"आल्झो, ते तर आहेच," काका दम घेत म्हणाले. "सगळ्या गावाचे चेहरे केले. तुझाच राहिला."

मला वाटलं, काकू आता छिन्नी हिसकावून घेतील. त्या दगडाकडे बघत राहिल्या.

"नाक एवढं मोठं आहे माझं?"

"गेनाऊ."

काकूंनी स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसल्या. "करा मग. ओठ तरी नीट करा."

त्याच हिवाळ्यात काका गेले. ओठ पूर्ण झाले होते.

पण मला ती दुपारच आठवते. पहिल्याच घावाला धूळ उसळली. माझाच श्वास कोंडला, म्हणून मी खिडकी उघडायला गेले.

"राहू दे गं," काकू मान न हलवता म्हणाल्या. "त्यांना गार वारा बाधेल."