बरकाच्या मासळी बाजारातला प्रसंग

ओमानमधल्या कुरुम भागातल्या एका टीव्ही-निर्मिती कंपनीत मी दिग्दर्शकांची सहायक होते. ते सत्तरीकडे झुकलेले इंग्रज गृहस्थ. तरुणपणी टीव्हीवर नट होते, पुढे दिग्दर्शक झाले, मग निर्माते. तेव्हा ते ओमानी कोळ्यांवर एक मालिका करत होते.

शूटिंगसाठी बरका या किनाऱ्यावरच्या गावी जाताना मी विचारलं, "सर, तुम्हाला दिग्दर्शन कुणी दिलं?"

"कुणीच नाही. मी मागत राहिलो. शेवटी एक निर्माता कंटाळून हो म्हणाला."

रत्नागिरीला असताना मी नाटकांत कामं करायची. लग्न होऊन इकडे आल्यावर ते सुटलं होतं. मी म्हणाले, "मग मला एक प्रसंग दिग्दर्शित करायला द्या."

ते हसले नाहीत. "आजचा मासळी बाजारातला घे."

बापलेकाचं भांडण होतं. बापाचं काम करणारे वयस्क ओमानी नट सुरुवातीपासूनच ओरडत होते. मी त्यांना कळणाऱ्या हिंदीत म्हटलं, "चाचा, आवाज चढवू नका. मासा कापता कापता बोला."

त्यांनी माझ्याकडे न बघता दिग्दर्शकांकडे बघितलं. दिग्दर्शक मुद्दाम पाठ फिरवून चहा प्यायला गेले. मी जागची हलले नाही. पुन्हा तेच सांगितलं. अखेर चाचांनी सुरी उचलली आणि इतकं हळू बोलले, की मुलाचं काम करणाऱ्या नटाचे डोळे खरोखरच भरून आले.

"हा टेक ठेवू," दिग्दर्शक परत येऊन, मॉनिटरवर तो बघून म्हणाले. "पण कॅमेरा जरा लांब राहिला."

त्या मालिकेत मी आणखी दोन प्रसंग दिग्दर्शित केले. दिग्दर्शक इंग्लंडला परतल्यावर, मी राहत होते त्या माबेलातल्या शेजाऱ्यांना घेऊन मी माझी पहिली शॉर्ट फिल्म सुरू केली.