कवलेदुर्गच्या राणीची ओटी

दिल्लीकर मराठी माणसाकडे पुण्याचे पाहुणे आले की त्यांना पानिपतला न्यावंच लागतं. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलत नाही. म्हणून या वेळी आईला म्हटलं, जरा हसत परतता येईल असा इतिहास बघू. आणि आम्ही दोघी कर्नाटकातल्या मलेनाडूचे (डोंगराळ मुलूख) गड बघायला निघालो.

आईच्या पिशवीत खण, तांदूळ आणि नारळ निघाला. नारळाच्या मुलखात गुरुग्रामहून नारळ.

"कुणाची ओटी भरणार?"

"राणीची. मुघल मागे लागलेले असताना आपले एकोणीस वर्षांचे छत्रपती जिंजीकडे निघाले, तेव्हा केळदीच्या राणीनं आसरा दिला. दुसऱ्याच्या पोराला दार उघडलं तिनं. थँक्यू नको म्हणायला?"

शिमोग्याला उतरून तीर्थहळ्ळीजवळ, सुपारीच्या बागेतल्या शारदक्कांकडे (अक्का म्हणजे ताई) मुक्काम केला. पर्यटकांमुळे त्यांना कामापुरतं हिंदी येत होतं. त्यांच्या अक्की रोट्टीवर (तांदळाची भाकरी) बाळकैरीचं लोणचं इतकं झकास लागलं, की आईनं संकोच सोडून पुन्हा वाढायला सांगितलं.

सकाळी राणीचा गड, कवलेदुर्ग गाठला. वाट आधी भातखाचरांतून आणि मग ओल्या रानातून जाते. माझ्या पायाला इंबळ (जळू) चिकटली आणि मी नाचायला लागले. आईनं शांतपणे मीठ लावून ती सोडवली. "मीटिंगमध्ये सगळ्यांना गप्प करतेस म्हणे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दरवाजाशी मात्र तिच्या गुडघ्यानं संप केला.

"आई, इथेच ठेव ना ओटी. वर राणीची मूर्तीसुद्धा नाही, यार."

तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "नवरा गेल्यावर तिनं एकटीनं राज्य केलं. अशा बाईची ओटी कोण भरतं गं?"

बाबा गेल्यापासून आईला हळदीकुंकवाची बोलावणी आली नव्हती. कुणी वाकडं बोललं नाही, फक्त बोलावलं नाही. मी तिचा हात धरला आणि आम्ही बसत उठत वर पोचलो.

वर राजवाड्याचे चौथरे उरलेत आणि स्वयंपाकघराची दगडी चूल. आईनं चुलीपाशीच खण-नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. "इथंच गरम जेवायला वाढलं असेल पोराला," म्हणाली. पुरावा काही नव्हता, पण मी वाद घातला नाही. खाली रानावर ढग उतरत होते. मला फार बरं वाटलं.

निघायच्या दिवशी शारदक्का सुपात तांदूळ, नारळ आणि पानसुपारी घेऊन आल्या. मडिलक्की, म्हणजे आपली ओटीच. आई दोन पावलं मागे सरली.

"मेरा नहीं चलता. पति नहीं है."

"मेरा भी नहीं," शारदक्का म्हणाल्या. "बेटी घर से खाली नहीं जाती." आणि त्यांनी आईचा पदर स्वतःच पुढे ओढला. आई रडली. मीही रडले. या बाईचे आभार कुठल्या भाषेत मानायचे ते दोघींनाही सुचेना.

संक्रांतीला आईनं बोलावण्याची वाट पाहिली नाही, तिनंच आमच्या सोसायटीतल्या बायकांना बोलावलं. खालच्या मजल्यावरच्या सक्सेना आंटी दारातच थबकल्या. "मैं तो बस मिलने आई हूँ," म्हणाल्या. त्यांचे मिस्टर गेल्या वर्षी गेले. आईनं मलेनाडूच्या तांदळाचा डबा उघडला, ओंजळ भरली आणि म्हणाली, "पल्लू आगे कीजिए."