रेडिओशेजारचं होकायंत्र

पैठण भागात हाताळलेलं एक प्रकरण मी आजही छाती फुगवून सांगतो. बायको म्हणते, पुरे आता. पण मी सांगतोच.

हिवाळ्यातली सकाळ. जायकवाडीच्या पाण्यावर दाट धुकं होतं. एक मच्छीमार धापा टाकत ठाण्यात आला. त्याच्या बहिणीचा नवरा जाळं सोडवायला एका बेटावर उतरला आणि खडकात त्याचा पाय मोडला. एकट्याला उचलेना, म्हणून हा मदतीसाठी आला होता. बेट कोणतं, ते धुक्यात कळलं नव्हतं. पण होकायंत्राचा काटा उत्तरेवर धरून तो सरळ किनाऱ्याला लागला होता. म्हणजे जखमी माणूस थेट दक्षिणेला.

आमची बोट दक्षिणेला जाऊन रिकामी परतली. तेवढ्यात खबऱ्याकडून खबर आली, आदल्या संध्याकाळी दोघांची जाळ्यावरून मारामारी झाली होती. झालं! हवालदार म्हणाले, "साहेब, यानंच ढकललाय पाण्यात. दोन ठेवून देऊ का?" बहीण ठाण्याच्या फाटकाशी बसली होती. भावाकडे बघायलाही तयार नव्हती.

मी चौकशीला बसलो. उलटसुलट विचारलं, उत्तर एकच. "भांडलो व्हय, लई भांडलो. पण काटा उत्तरेवरच होता साहेब. उशीर नका करू, दाजी थंडीनं मरतील."

खोटं बोलणाऱ्याला आपला अविश्वास दिसला की तो गोष्ट दुरुस्त करत जातो. हा काहीच दुरुस्त करत नव्हता. अंगाला हात न लावता मी त्याला त्याच्या लाकडी बोटीवर नेलं. म्हटलं, "सकाळी होतं तसंच सगळं मांड."

त्यानं फळीवर होकायंत्र ठेवलं आणि त्याला खेटून ट्रान्झिस्टर.

"हा कशाला?"

"धुक्यात रेडिओ फिरवून बघतो आमी. आवाज बारीक झाला की रेडिओचं टोक शहरातल्या रेडिओ केंद्राकडं. नायतर अगदी उलट्या अंगाला. कोणतं खरं, ते होकायंत्र सांगतं. म्हणून दोन्ही जवळ."

माझी नोकरी बिनतारी विभागात सुरू झाली होती. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. बोटीचं तोंड काट्याच्या उत्तरेला येईल तशी बोट वळवून घेतली आणि रेडिओ उचलून लांब नेला. काटा झपकन सरकला. बोटीचं तोंड प्रत्यक्षात वायव्येला होतं! म्हणजे तो आला वायव्येकडे, आणि त्याचे दाजी होते आग्नेयेला.

त्याला सोबत घेऊन तडक आग्नेयेला निघालो. बेटावर दाजी सापडले. अंग गार पडलेलं, पण आवाज खणखणीत. याला बघताच ओरडले, "किती उशीर रं! म्या म्हणलं तूच बुडालास!"

किनाऱ्यावर बहीण आधी भावाच्या गळ्यात पडली, मग नवऱ्याजवळ गेली.

भांडण दिसलं की आम्हा पोलिसांना खून दिसायला लागतो. त्या दिवसापासून संशयितावर आवाज चढवण्याआधी मी त्याचं म्हणणं जागेवर जाऊन करून बघू लागलो. ठाण्यात परतल्यावर स्टेशन डायरी मी स्वतः ओढून घेतली आणि लिहिलं, 'सदर इसम जिवंत मिळून आला.' एवढं एक वाक्य लिहायला मिळावं म्हणूनसुद्धा माणसानं पोलिसात यावं.