आईच्या पावशीवरचा गंज

गंजलेला चाकू एरवी कुणाला आठवत नाही. पण आमच्या गच्चीवर घासायचं मशीन आलंय ही बातमी फुटली की गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक निघतो, आणि सोबत सल्ला घेऊन येतो! माझ्याकडे आता चाकूंपेक्षा किस्सेच जास्त साचलेत.

खरं तर हे हातात मावणारं, टोकाचं चाक गरगर फिरवणारं रोटरी टूल मी घेतलं ते एकाच पात्यासाठी. आईची विळी. ती तिला पावशी म्हणते. लग्नात उमरेडच्या माहेराहून आलेली, आता गंजून तपकिरी झालेली. मला ती पुन्हा नवी करून द्यायची होती. आई म्हणाली, "आधी दुसऱ्याच्या चाकूवर शीक. माह्या पावशीले हात लावायचा नाही!"

*

पहिल्याच दिवशी मऊ चाकाला पॉलिशची काळी पेस्ट फासली आणि टूल फुल स्पीडवर सोडलं. मागे दोरीवर बाबांचा पांढरा शर्ट वाळत होता.

"काय करून राहिली वं?" आई वर आली.

"पॉलिश."

"चाकूले का शर्टाले?"

*

शेजारचे देवरावकाका कारखान्यातून रिटायर झालेले. एकदा मी टूल एकाच जागी इतका वेळ टेकवलं की पात्याचं टोक निळं झालं. एकदम मोरपंखी! कौतुकानं त्यांना दाखवलं.

"रंग मस्त आला," काका म्हणाले. "पातं गेलं."

जास्त तापलं की पोलाद नरम पडतं म्हणे. मी तावातावानं व्हिडिओ दाखवू लागले. त्यांनी शांतपणे एक टोमॅटो पुढे केला. तो कापला गेला नाही, चिरडला. मोठी माणसं चुकतात तेव्हा राग येतोच, पण बरोबर असतात तेव्हा जास्त येतो.

*

शेजारच्या काकूंचा चाकू मी आरशासारखा चमकवून दिला. दुसऱ्या दिवशी परत!

"तोंड दिसते वं याच्यात. कांदा कापत नाही."

चमक आणि धार ही दोन वेगळी कामं आहेत, हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. मग दगडावर धार लावायला शिकले.

*

आत्या म्हणाली, "पोरगी दिवसभर चाकू घासते. हिच्याशी लगन कोण करन?"

"ज्याला स्वतःचा कांदा चिरता येतो तो!"

आत्यानं घरातले पुरुष बोटांवर मोजले. "असा तं आपल्या घरात एकही नाही."

*

शेवटी एका रविवारी आईनं पावशी दिली. मी चार तास घासली. स्पीड कमी, मधूनमधून पाणी, सगळं नियमानं. पातं लखलखलं. आईनं ते उलटून पाहिलं, बुडाशी बोट फिरवलं.

"इथं नाव होतं."

लग्नाच्या भांड्यांवर ठोकून घालतात तसं. तिच्या वडिलांनी घातलेलं, तिचं माहेरचं नाव. लग्नात ते बदललं, घरात पुन्हा कुणी घेतलं नाही. गंजानं भरलेले ते ठिपके मी खड्डे समजून घासून टाकले होते.

बाबा घाईनं म्हणाले, "त्यात काय! त्याच मशीननं लिहिता येते. लिही, सौ. वैशाली."

आईनं माझ्या हातातून टूल घेतलं. "तुमी थांबा जी. तुमी एकदा ठेवलं न नाव!"

मी त्याला कोरायचं टोक बसवून दिलं, बटण कुठलं ते तिनं विचारलं. मग वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं : शेवंता.

बाबांनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं. "मग आता हाक कोणती मारू?"

आईनं मेथीची जुडी पुढे ओढली.

"मारून तं पाहा."