आमच्या आरतीचा आवाज

“देशपांडे साहब, गाने की परमिशन का काग़ज़ कहाँ है?” टीव्ही केंद्रातल्या प्रोड्यूसर मॅडमनी कॅसेट थांबवून विचारलं.

नव्वदच्या दशकात लखनौला चारबागजवळ माझा व्हिडिओ स्टुडिओ होता. लग्न असो की बारसं, शूटिंग करायचं आणि वर बाजारातल्या कॅसेटचं गाणं चढवायचं, असा तेव्हाचा रिवाज. मानक नगरच्या मराठी मंडळाच्या गणपतीची फिल्मही मी तशीच केली होती. मंडळाचे सेक्रेटरी देशपांडे रेल्वेत इंजिनीअर. त्यांच्या खटपटीमुळे मंडळ पहिल्यांदाच टीव्हीवर दिसणार होतं आणि हे त्यांनी सगळ्या कॉलनीला सांगूनही टाकलं होतं.

“मॅडम, हम कौन सा कमा रहे हैं? आरती ही तो है,” देशपांडे म्हणाले.

“आरती आपकी, रिकॉर्डिंग कंपनी की.”

बाहेर चहा घेताना मी त्यांना समजावलं. आरतीचे शब्द जुने, ते कोणीही म्हणावेत. पण गायकाकडून गाऊन घेऊन जी कॅसेट काढली, तिच्यावर कंपनीचा हक्क. तो कॉपीराइट. आपण फुकट काम करतो म्हणून तो माफ होत नाही. मग कंपनीला पत्र टाकलं, उत्तराची वाट पाहिली. देशपांड्यांचं कॉलनीत फिरणं बंद झालं.

शेवटी मी कॅमेऱ्यातली मूळ टेप काढली. एरवी तिच्यावर पुढचं बारसं शूट झालं असतं, पण गणपतीनंतर लगेच पितृपक्ष, त्यामुळे ती वाचली होती. तिच्यावर आमचीच आरती होती. बेसूर, मध्येच पोरांचं हिंदी. आणि सगळ्यांना सांभाळून घेणारा देशपांड्यांच्या आईंचा खणखणीत आवाज.

टीव्हीवर देण्याआधी गाणाऱ्यांना विचारायला गेलो. आई हसल्या. “माझा आवाज कोण ऐकणार रे? लाव हवं तर.”

फिल्म लागली तेव्हा देशपांड्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आई पदराआडून बघत होत्या. ती संध्याकाळ आठवली की अजून बरं वाटतं.

पुढे देशपांडे बदलून पुण्याला गेले. आई गेल्यावर त्यांचा फोन आला.

“ती कॅसेट आहे का हो? आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.”

मी कॉपी पाठवली. कंपनीनं वेळेवर परवानगी दिली असती, तर तीही नसती. आभार मानायला हवेत, पण पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही.