विमलच्या कादंबरीचा शेवट कुठे आहे?

मंगळवार, १२ जानेवारी २०१६. दुपारचे तीन.
विमलच्या टॅबवर कादंबरी शेवट यायच्या आधीच संपली.

त्याला आता दोन महिने होत आले. आज सकाळी विमल गेली.
शेवट तिला मिळाला नाही.

विमल माझी शेजारीण. कामठ्याला मराठी शिकवून रिटायर झाली आणि गोंदियात आमच्या गल्लीत घर बांधलं. मी रेल्वेच्या रिझर्वेशन खिडकीवरून रिटायर. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून ती मला "सिस्टर" म्हणायची. आदराने नव्हे.

दुपारी तिच्या व्हरांड्यात गल्लीतल्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसायच्या.
हात गुंतलेले, कान मोकळे. विमल पुस्तक वाचून दाखवायची. रोज एक प्रकरण.

मग शुगरने तिचे डोळे धरले. पुस्तक तर सोडाच, पेपरचे मथळेही दिसेनात. वाचन बंद पडलं.
बायका येत राहिल्या, पण व्हरांड्यात नुसत्या सुनांच्या तक्रारी.

भाच्याने टॅब आणून दिला. अक्षर बोराएवढं करता येतं, हे कळलं त्या दिवशी तिने मला बोलावून एक अख्खं पान न अडखळता वाचून दाखवलं.
"ऐकून राहिली ना सिस्टर?"
ऐकत होते. दुसरं पान वाच म्हटलं.

कादंबरी सिंधू नावाच्या बाईची. बापाच्या शेतातला हिस्सा मागते, भाऊ देत नाहीत, ती कोर्टात जाते.
छापील आवृत्ती कधीच संपलेली. आम्ही खूप शोधली. मिळालं ते फक्त ई-बुक.

त्या मंगळवारी निकालाचा दिवस होता. सिंधू कोर्टाच्या पायऱ्या चढली.
विमलने स्क्रीनवर बोट फिरवलं.
पुढच्या पानावर सिंधू दहा वर्षांची, माहेरच्या अंगणात. तिसरं प्रकरणच पुन्हा लावलेलं. त्यानंतर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांच्या जाहिराती.
आणि बस.

विड्या वळणाऱ्यांतली शेवंता म्हणाली, "काऊन वो म्याडम, थांबल्या कायले?"
"पुढचं नाही आहे याच्यात."
"मंग मनानं सांगून टाका ना. एवढ्या वर्साच्या मास्तरीण तुमी."

विमल म्हणाली, "लिहिणारीनं काही तरी लिहिलं असन ना. माह्या मनचं तिच्या नावावर कायले खपवू?"

शेवंताला घाई होती. तिच्याही भावांनी तिच्यापुढे हक्कसोडाचा कागद ठेवला होता. सही कधी करतेस विचारलं, तर ही बया त्यांना म्हणाली होती, गोष्ट संपू द्या, मग सांगतो.
बायका हसल्या होत्या. शेवंता हसली नव्हती.

मग मी कामाला लागले.

ज्या ऑनलाइन दुकानातून पुस्तक घेतलं, तिथे फोन केला. पोरगा अगदी गोड. "मॅडम, रिफंड ले लीजिए."
"बेटा, पैसे नहीं चाहिए. आखरी चैप्टर चाहिए."
म्हणे फाईल प्रकाशकाची, आम्ही फक्त विकतो.

प्रकाशकाला कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत मेल लिहिली. उत्तर आलं, "डिअर सर".
फोन केला. गृहस्थ म्हणाले, ई-बुकच्या फाईली आम्ही बाहेरून करून घेतो, उघडून कोण बघतं. छापील पुस्तकाची गोष्ट वेगळी, त्यावर आमचं नाव असतं.
मी म्हटलं, "याच्यावरही तुमचंच नाव आहे. शेवट सोडला तर सगळं आहे."
तेव्हा त्यांनी हुकमाचं पान काढलं. "ताई, इतक्या लोकांनी घेतलं. एकाचीही तक्रार नाही."

हे मात्र खरं निघालं. मी दुकानाच्या पानावर जाऊन सगळे अभिप्राय वाचले. एका वाचकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, "शेवट अंगावर येतो."
कुठला शेवट, साहेब?

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, तर एक विदुषी म्हणाल्या, ई-बुक ते ई-बुकच, त्याला पुस्तकाचा वास कुठे.
विमलला वास नको होता हो. अक्षर हवं होतं.

विकणाऱ्याने उघडलं नाही, छापणाऱ्याने पाहिलं नाही, घेणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचलं नाही.
वाचलं एका बाईने, जिला धड दिसत नव्हतं.

फेब्रुवारीत "दुरुस्त" फाईल आली. मुखपृष्ठ नवं. आत तेच.
विमल तेव्हा दवाखान्यात होती. मी टॅब मुद्दाम घरी ठेवून गेले.
तिने विचारलं, "फाईल आली?"
"आली."
"मंग?"
मी नकाराची मान हलवली. तिला दिसणार नाही वाटलं होतं. दिसलं.
भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "शेवंताले सांग, सिंधूसाठी थांबू नको. सही करू नको म्हणा."
आयुष्यात पहिल्यांदा तिने पुस्तकाला न विचारता काही सांगितलं.

शेवंताने सही केलेली नाही. आज विमलच्या अंगणात स्वतःच्या भावांच्या देखत तिने मला विचारलं, "बाई, म्याडमचं पुस्तक आता कोन वाचन?"

मी वाचणार.
रविवारी सकाळी विमलच्या घरी पुण्यानुमोदन आहे, तिच्यासाठीची बुद्धवंदना. वंदना झाली की व्हरांड्यात बायका बसतील आणि मी सिंधूला कोर्टाच्या पायरीवरून पुढे नेणार.

विमल, तू थांबलीस ते पान मी तसंच उघडं ठेवलं आहे. जय भीम, माझ्या मैत्रिणी.

आणि प्रकाशक महाशय, तुम्हाला ही पोस्ट टॅग केली आहे. रविवारच्या वाचनासाठी पूर्ण फाईल, आणि ती अपुरी का विकली याचं लेखी उत्तर, शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवा. फोन करू नका. "डिअर सर" लिहू नका.